परत ओलांड

१

प्रदर्शनात माणूस दोनच ठिकाणी थांबतो. एक, फुकटचा चहा मिळतो तिथे. आणि दुसरं, त्याला स्वतःचं काहीतरी जुनं दिसतं तिथे. बाकी वेळ तो पिशवीत माहितीपत्रकं भरत नुसता चालत राहतो आणि घरी गेल्यावर फक्त पिशवी ठेवून घेतो. पंधरा वर्षं व्यापारी प्रदर्शनांमध्ये चित्रं-शिल्पं मांडून मृणाल एवढं शिकली होती. "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" असं नातेवाईक लग्नकार्यात विचारायचे. "लोकांना थांबवते," ती सांगायची. ते हसायचे आणि विषय बदलायचे.

या वेळचं काम होतं माजिवड्याच्या मैदानावरच्या तीन दिवसांच्या गृहप्रदर्शनाचं. घोडबंदर रोडवर चाळीस-चाळीस मजली इमारती उभ्या करणाऱ्या एका बिल्डरचं दालन तिला सजवायचं होतं. त्याच्या मार्केटिंगचा साहेब अद्वय, वय वर्षं एकोणतीस, पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "मॅम, लोक चार मिनिटांत बाहेर पडतात. सॅम्पल फ्लॅट सगळ्यांचे सेम. मला माणूस पंधरा मिनिटं आत पाहिजे. तुम्ही काय पण करा."

मृणालने सॅम्पल फ्लॅटच्या आधी एक लांबट दालन काढलं. नाव दिलं 'जुन्या घराची वाट'. कल्याण-डोंबिवलीतल्या पाडलेल्या चाळींवर काम करणारे पाच कलाकार तिने गोळा केले. कोणी चाळीच्या गॅलऱ्यांचे फोटो काढलेले, कोणी गंजलेल्या पत्र्याच्या डब्यांची भिंत रचलेली, कोणी पन्नास घरांच्या कड्या एका दारावर ठोकलेल्या. माणसाने एका बाजूने आत यायचं, जुन्या घरातून हळवं होत जायचं आणि थेट नव्या फ्लॅटच्या बैठकीत, बुकिंगच्या टेबलासमोर उगवायचं. उलट यायची सोय नाही. कलादालनाचा आणि मेंढवाड्याचा नियम एकच, असं ती थट्टेत म्हणायची.

बुधवारी, प्रवेशाजवळचं शिल्प करणारा कलाकार पाठीला उसण भरली म्हणून आडवा झाला. प्रवेशच रिकामा राहिला. आणि मृणालला आपल्या डोंबिवलीच्या घरातल्या बाल्कनीत, चादरीत गुंडाळून ठेवलेलं लाकूड आठवलं.

२

ते लाकूड म्हणजे कल्याणच्या चाळीतल्या तिच्या माहेरच्या दाराच्या चौकटीचा डावा खांब. सागवानी, साडेसहा फुटांचा. गेल्या वर्षी चाळ पाडली तेव्हा मृणालने तो पाडणाऱ्यांकडून मागून आणला होता. आई, मीराबाई, तेव्हापासून तिच्याकडेच राहायला आली होती. पण तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. चादर बघून तिने विचारलं तेव्हा पडद्याचा दांडा आहे असं मृणालने सांगितलेलं. घर पाडल्याचं दुःख ताजं होतं, उगाच खपली कशाला काढायची.

त्या खांबावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला मीराबाई पोरीला त्याला पाठ लावून उभी करायची आणि डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारायची. नावं तीन. मृणाल, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी बहीण शकू, जिला आजीचं नाव ठेवलेलं, आणि वरच्या ताज्या पेन्सिलीतली दीप्ती, मृणालची सात वर्षांची मुलगी. मृणालच्या रेघा पार वरपर्यंत गेल्या होत्या. शकूच्या रेघा एका जागी थांबल्या होत्या. शेवटच्या रेघेसमोर दोन तारखा होत्या, एक त्र्याण्णवची, एक चौऱ्याण्णवची. रेघ मात्र एकच, दोनदा गिरवल्यासारखी काळी. त्याच वर्षीच्या थंडीत शकू गेली होती.

गुरुवारी दुपारी मांडवाचा मिस्त्री हरिहर तो खांब हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. माणूस मूळचा संगमेश्वरकडचा, तीस वर्षं कल्याणात.

"ताई, ह्याच्यावर पोरांची उंची आहे. हा उभा असतो."

"उभा लावला तर लोक नुसतं बघून जातील हो. जमिनीवर आडवा ठोका, उंबरठ्यासारखा. पाय उचलावा लागेल, खाली बघावं लागेल, नावं वाचावी लागतील. तिथेच माणूस थांबतो."

"उंचीची रेघ आडवी घालायची?"

"कला आहे ती, हरिहर."

हरिहरने खांब प्रवेशात आडवा टाकला, चार बोल्टांनी लाकडी तळाला आवळला, आणि अवजारांची पिशवी उचलून व्हीलचेअरसाठी ठेवलेल्या शेजारच्या वाटेने बाहेर गेला. नंतर तीनही दिवस तो त्याच वाटेने जात-येत राहिला. एकदाही त्याने खांबावरून पाय टाकला नाही, हे मृणालला दिसत होतं. जुनी माणसं, असं म्हणून तिने सोडून दिलं.

खांबाच्या वर अद्वयच्या माणसांनी माणसं मोजायचं यंत्र बसवलं. कोणी ओलांडलं की टिंग वाजायचं, आणि बाजूच्या पडद्यावर आकडा बदलायचा. आत किती, बाहेर किती.

३

शुक्रवारी मृणालचं गणित तिच्या अपेक्षेपेक्षाही बरोबर निघालं. लोक खांबापाशी यायचे, दचकून थांबायचे, वाकायचे. "अरे, आमच्याकडे पण होतं असं, डोंबिवलीच्या घरी!" बायका नवऱ्यांना हाक मारून दाखवायच्या. "हे बघा, शकू. बिचारीची उंचीच नाही वाढली वाटतं." मग हसून पाय उचलायचे. टिंग. आत गेल्यावर प्रत्येकाचं बोलणं हलकं झालेलं असायचं, आणि डब्यांच्या भिंतीसमोर म्हातारे पुरुष डोळे पुसायचे.

"एकोणीस मिनिटं!" अद्वय टॅब नाचवत आला. "ॲव्हरेज एकोणीस मिनिटं, मॅम! बॉस तर पागल झालाय."

संध्याकाळपर्यंत पडद्यावर आकडे होते: आत ११०४, बाहेर ०. बाहेर शून्य हे बरोबरच होतं, कारण लोक पलीकडच्या दाराने बाहेर पडत होते. तरी निघताना मृणालची नजर त्या शून्यावर जरा रेंगाळली.

घरी आली तेव्हा दीप्ती बाथरूमच्या दाराशी उड्या मारत होती.

"आई, दिवा लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? बटण दाब."

"हात पोचत नाही ना!"

काल पोचत होता. काल रात्रीच ती टाचा उंचावून दिवा लावून गेली होती. मृणालने बटण लावून दिलं आणि भात लावायला गेली. दमलेल्या माणसाला काल काय घडलं तेही नीट आठवत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

४

शनिवारी सकाळी दीप्ती नवीन फ्रॉक घालून आली. पंधरवड्यापूर्वी घेतलेला, गुडघ्याच्या वर येणारा. तो गुडघ्याच्या खाली लोंबत होता. आणि चपला चालताना फटाफट वाजत होत्या.

मृणालने तिला भिंतीवरच्या जिराफाच्या चित्रापाशी उभी केली. वाढदिवसाला एकशे अठरा भरले होते. आता एकशे पंधरा. जिराफ घसरला असणार, चिकटपट्टी ती किती टिकणार. तिने हरिहरकडून घेतलेला लोखंडी टेप काढला, पोरीच्या डोक्यावर पुस्तक ठेवलं, श्वास धरून मोजलं. एकशे पंधरा.

"आई, माझा दात बघ ना," दीप्तीने तोंड उघडलं. वरचा पुढचा दात महिन्याभरापूर्वी अर्धा आला होता. आता तिथे फक्त हिरडी होती, गुळगुळीत.

नवरा धनेश कामासाठी सुरतला होता. त्याला फोन करून सांगणार काय? पोरगी तीन सेंटिमीटर कमी झाली? मृणालने माजिवड्याला जायच्या आधी डॉक्टर गाठले. त्यांनी जुनं कार्ड बघितलं, पोरीला वजनकाट्यावर चढवलं, घसा तपासला आणि चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "मागचं माप चुकलं असणार. मुलं अशी आकसत नाहीत हो. जेवते ना? खेळते ना?"

जेवत होती, खेळत होती. मृणालला एवढं बरं वाटलं की तिने डॉक्टरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. शहाण्या माणसाने सांगितलं की आपली भीती मूर्ख ठरते, आणि मूर्ख ठरण्यात केवढं सुख असतं.

त्या दिवशी प्रदर्शनाला तुफान गर्दी झाली. दिवसभर टिंग, टिंग, टिंग. दुपारनंतर तो आवाज मृणालला पोटात ऐकू यायला लागला. आत २९३०, बाहेर ०.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. टेप काढला. एकशे नऊ.

५

रविवारी तिला पोरीला नजरेआड ठेववेना, म्हणून तिने आईला सांगितलं, दीप्तीला घेऊन प्रदर्शनालाच ये. मीराबाई दुपारी आली. नातीचा हात धरून ती रांगेतून पुढे सरकत होती, कौतुकाने इकडेतिकडे बघत होती. आपल्या लेकीचं काम ती पहिल्यांदाच बघत होती. मग खांब आला आणि तिचा पाय उचललेला तसाच थांबला.

मागची बाई म्हणाली, "काकू, चला ना पुढे."

मीराबाईने दीप्तीला झटक्यात बाजूला ओढलं. इतक्या जोरात की पोरगी कळवळली. मागची माणसं पुढे सरकली. टिंग. टिंग. टिंग.

"हे आपलं लाकूड आहे," मीराबाई म्हणाली.

"हो, आई. मी आणून ठेवलेलं. तुला सगळं झाल्यावर दाखवणार होते."

"आडवं का घातलंस?"

"लोकांनी खाली बघावं म्हणून."

"आणि ओलांडावं म्हणून." मीराबाईचा आवाज एकदम म्हातारा झाला. "किती जणांनी ओलांडलं?"

मृणालने पडद्याकडे बघितलं. "चार हजार तीनशे."

"आणि परत किती आले?"

"परत कोणी येत नाही, आई. वाट एकाच बाजूची आहे."

मीराबाई मटकन खाली बसली. तेवढ्यात मृणालला ती दुपार आठवली. बत्तीस वर्षं ती आठवण कुठे तरी तळाला बसली होती. उन्हाळ्याची सुट्टी, चाळीतली ती एक खोली, आणि शकू दारातच गोधडीवर आडवी होऊन झोपलेली. आदल्या दिवशी शकूने तिच्या नव्या रंगांच्या कांड्या मोडून ठेवल्या होत्या. मृणाल खेळायला निघाली होती. शकूवरून पाय टाकून ती बाहेर गेली. आतून आई म्हणाली, "अगं, झोपलेल्याला ओलांडू नये, वाढ खुंटते. परत ओलांड." आणि आठ वर्षांची मृणाल म्हणाली, "नाही ओलांडत जा. माझे रंग मोडले हिने."

आई उठणार होती. पण बाबांनी, चांगदेवांनी, वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हटलं, "मीरा, आपल्या घरात असलं चालणार नाही." बाबांचं चुकत नव्हतं. असल्या गोष्टींच्या जोखडातून माणसं सोडवायलाच त्यांचं आयुष्य गेलं होतं. आई गप्प बसली. पुढच्या वाढदिवसाला शकूची रेघ होती तिथेच आली. त्या थंडीत ताप आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला काहीतरी वेगळं नाव दिलं. घरात पुन्हा कधी कोणी हा विषय काढला नाही.

"तुझे बाबा खरे होते," मीराबाई म्हणाली. "मी पण तेच मानलं. रोज मानलं. पण रोज रात्री वाटायचं, एकदा परत ओलांडायला लावलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मृणालने टेप काढला आणि गर्दीतच दीप्तीला मोजलं. एकशे पाच. मग ती गुडघ्यांवर बसली आणि खांबावर टेप लावला. शकूची शेवटची रेघ एकशे एकवर होती.

आणि दिवस अजून बराच बाकी होता.

६

"दार बंद कर," तिने अद्वयला सांगितलं. "आत्ता. हे काढायचंय."

"मॅम, संडे आहे! सगळ्यात मोठा दिवस."

"माझ्या मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे, अद्वय."

"काय झालं? पडली का?" तो खरंच घाबरला. मृणाल त्याला काय सांगणार? अद्वयने दीप्तीकडे बघितलं, ती भेळ खात होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅम, तुम्ही तीन दिवस झोपला नाहीत. घरी जा, मी बघतो." वाईट पोरगा नव्हता तो. तिच्या जागी तो असता आणि त्याच्या जागी ती, तर तीही हेच बोलली असती.

ती पलीकडच्या दाराशी धावली. बाहेर पडणाऱ्या माणसांना हात जोडून म्हणाली, "आल्या वाटेने परत जाता का? फक्त उलट. दोन मिनिटं." लोक हसले. "उलट कशाला? पार्किंग इकडे आहे." एका बाईने हळूच नवऱ्याला कोपर मारलं. गर्दी उलटी फिरेल म्हणून सुरक्षारक्षकाने तिलाच बाजूला घेतलं. शेवटी ती पान्हा घेऊन खांबाशी आली, तर हरिहर समोर उभा.

"उचलू नका, ताई."

"सोडा मला!"

"उचललं की झालं. मग परत ओलांडायला कुठून येणार?" त्याचं बोलणं अगदी साधं होतं, जणू खिडकीच्या बिजागरीबद्दल सांगतोय. "मी झोपलो असताना एकाने मला ओलांडलं, तर माझ्या आईने त्याला घराच्या ओटीवर तीन वेळा परत ओलांडायला लावलेलं. एकानं ओलांडलं तर वाढ थांबते म्हणतात. हजारांनी ओलांडलं तर काय होतं..." तो थांबला. "ते कोणी बघितलेलं नाही. मैदान उद्या दोनला सोडायचंय. हा खांब मी शेवटी काढतो. मोजायच्या यंत्राची वायर पण तशीच ठेवतो. तोवर तुमचं तुम्ही बघा. माझी माणसं मदतीला द्यायला पाहिजेत, पण अख्खा मांडव उतरवायचाय."

"दुसऱ्यांच्या बदली मी ओलांडलं तर चालतं?"

"मला काय माहीत, ताई," हरिहर म्हणाला. "पण दुसरं काय आहे तुमच्या हातात?"

प्रदर्शन बंद झालं तेव्हा आकडे होते: आत ५६१२, बाहेर ०. दीप्ती आजीच्या मांडीवर झोपली होती आणि फ्रॉक तिच्या घोट्यांपर्यंत आला होता. एकशे एक.

७

सोमवारी साडेसहाला, कोवळ्या उन्हात, मृणालने सुरुवात केली. आतल्या बाजूने यायचं, खांब ओलांडून बाहेर पडायचं, व्हीलचेअरच्या वाटेने वळसा घालून पुन्हा आत जायचं, पुन्हा ओलांडायचं. टिंग. बाहेर १. टिंग. बाहेर २. मीराबाईने पण हट्टाने सात वेळा ओलांडलं. मग तिचा गुडघा वळेना. ती समोर खुर्चीवर दीप्तीला घेऊन बसली.

भोवती मांडव उतरत होता. कापड सोडलं जात होतं, सॅम्पल फ्लॅटची भिंत दोघे जण खांद्यावरून घेऊन चालले होते, कोणीतरी मोबाईलवर गाणी लावली होती. लख्ख उजेडात एक बाई गोल गोल फिरत होती, आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं.

साडेनऊला पडद्यावर १५०० होते. मृणालने मनात भागाकार केला. हाच वेग राहिला तर दोन वाजेपर्यंत चार हजारही होणार नव्हते. वेग राहणारही नव्हता. पोटऱ्यांत गोळे येत होते. ती पळायला लागली. तिसऱ्याच फेरीला पाय खांबाला अडकला आणि ती आडवी जाणार, एवढ्यात डाव्या हाताचं एक बोट कोणीतरी घट्ट धरलं. लहानशा मुठीने, रस्ता ओलांडताना पोरं धरतात तसं.

"दीपू, बाजूला हो, लागेल," ती म्हणाली.

दीप्ती समोर खुर्चीवर, आजीच्या मांडीवर होती.

मृणालने डावीकडे बघितलं नाही. पुढचं पाऊल टाकलं. टिंग-टिंग. पडद्यावरचा आकडा दोनने वाढला.

यंत्र बिघडलं असेल. ओढणी मध्ये येत असेल. तिने ओढणी काढून खुर्चीकडे फेकली. पुन्हा ओलांडलं. टिंग-टिंग. सावली असेल, उन्हाचा कोन बदललाय. पुन्हा. टिंग-टिंग. मग तिने कारणं शोधायचं सोडून दिलं. जे काही होतं ते तिच्या पोरीच्या बाजूने मोजत होतं, आणि एवढ्यावर ती कशाशीही भांडायला तयार नव्हती.

अकराला फ्रॉक दीप्तीच्या पोटरीवर आला. मृणाल रडत फेऱ्या मारत होती आणि मीराबाई तिच्याकडे बघत होती. नाही, तिच्याकडे नाही. आईची नजर तिच्या डाव्या बाजूला होती, कमरेच्या जरा वर. पुढच्या तासाभरात ती नजर खांद्यापर्यंत चढली. मीराबाई रडत नव्हती, हसतही नव्हती. शाळेतून येणारं पोर दुरून ओळखू येतं का, हे बघावं तशी ती बघत होती.

एकच्या सुमाराला ती नजर मृणालच्या डोक्याएवढी उंच झाली होती. आणि मग आणखी थोडी वर.

८

दोनला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर आलं: आत ५६१२, बाहेर ५६१२. मृणाल जमिनीवर कोसळली. दीप्ती स्वतःच्या पायांनी धावत आली, तिचा फ्रॉक गुडघ्यांच्या वर होता, चपला पायात नीट बसल्या होत्या. टेप लावला तेव्हा मृणालला आकडा दिसेना, इतकं डोळ्यांत पाणी. हरिहरनेच वाकून वाचला. "एकशे अठरा."

मृणालने पोरीला छातीशी धरलं. तिच्या केसांना भेळेचा वास येत होता. दीप्तीने तोंड उघडून दाखवलं; दात जागेवर होता, अर्धा आलेला.

"उचला, हरिहर," ती म्हणाली. "लवकर उचला."

"थांब," मीराबाई म्हणाली. "एक राहिलं."

"झाले सगळे, आई. आकडे बघ, सारखे झालेत."

"ते ह्या लोकांचे. तुझं राहिलंय. त्र्याण्णवचं."

हरिहरचा हात पान्ह्यावर तसाच थांबला. मैदानावर आता कुठलाच आवाज नव्हता, फक्त हायवेवरच्या गाड्यांचा. मृणालला आपल्या डाव्या बाजूला, अगदी जवळ, कोणीतरी उभं असल्याचं कळत होतं. त्या बाजूचं ऊन तिच्या अंगावर पडत नव्हतं.

"आई, तुला ती दिसते?"

मीराबाई तिच्या डाव्या बाजूलाच बघत होती. "निम्म्या वेळा ती गेली तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "माझ्या नातीसाठी गेली. तिच्यासाठी तू एकदा जाऊ नयेस? त्या दिवशी मी गप्प बसले, मृणाल. आज नाही बसणार."

मृणालने दीप्तीचा हात घट्ट धरला. तिला शकूची भीती वाटत नव्हती, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण भीतीच वाटत होती, हाडापर्यंत. सहा वर्षांची शकू तिला आठवत होती. मोडलेले रंग फ्रॉकमागे लपवणारी शकू. बत्तीस वर्षांची वाढ एका सकाळीत भरून घेतलेली बाई तिच्या ओळखीची नव्हती. आणि ती वाढ कोणाच्या वाट्याची होती? ती हिशेबाने मिळाली होती की उसनी? हे तिला सांगणारं कोणी नव्हतं.

"उचला" म्हणायचं, एवढंच. एक शब्द. आठव्या वर्षी तिने हेच केलं होतं.

दीप्तीला तिने बाहेर, खांबापासून लांब उभं केलं. वळसा घालून ती आत गेली. पाय उचलत नव्हता, तो तिने हाताने धरून उचलला. "ओलांडते गं, शकू," ती म्हणाली. "चुकलं माझं."

टिंग.

एकदाच वाजलं. पडद्यावर आत ५६१२ तसेच राहिले, आणि बाहेर ५६१३ झाले.

हरिहर खाली वाकून बोल्ट काढायला लागला, वर न बघता, घाईघाईने. मृणालने उजवा हात पुढे केला आणि दीप्तीने तो धरला. मग डाव्या हातात कोणीतरी आपला हात दिला. सकाळच्या मुठीत तिचं एक बोट मावलं होतं. या हातात तिचा अख्खा हात मावत होता. ती बोटं तिच्या बोटांपेक्षा लांब होती आणि तळव्याला रंगाच्या कांडीची भुकटी लागल्यासारखी खरखर होती.

दीप्तीने मान वर केली. आईच्या चेहऱ्याकडे, आणि मग त्याच्याही वर.

"आई, ही कोण गं?"

खुर्चीवर मीराबाईने पदर तोंडाला लावला होता. मृणालने वर बघितलं नाही. "घरी गेल्यावर सांगते," ती म्हणाली आणि मैदानाच्या फाटकाकडे चालायला लागली. तिचे दोन्ही हात धरलेले होते. वाटेत तिने डावा हात एकदा हळूच, कोणाला कळणार नाही असा, सोडवून बघितला. तो सुटला नाही.